नाशकात एक रात्र उतरायचं तर

पंचवटीत आमच्या लहानपणी बाहेरगावचं कुणी भेटलं की पहिला प्रश्न असायचा, "कुठे उतरलात?" उत्तर बहुतेक वेळा एखाद्या उपाध्यांच्या वाड्याचं असायचं. गुरुजी गाव विचारायचे, आडनाव विचारायचे, लांबलचक वही उघडून त्या घराण्यातलं कोण कधी गंगेवर येऊन गेलं ते वाचून दाखवायचे. तेवढ्यात वाड्यातल्या एका खोलीत वळकट्या पडलेल्या असायच्या. मुक्कामाचा प्रश्न तिथेच मिटायचा.

आता माणसं फोनवर हॉटेल बघतात आणि पैसे भरूनच निघतात. सोय वाढली, पण कुठे उतरावं हे सांगणारं माणूस मधून गेलं. माझ्याकडे वर्षाकाठी दहा-बारा तरी फोन येतात, "अरे, नाशिकला यायचंय, हॉटेल कुठलं घेऊ?" त्यांना जे सांगतो ते इथे नीट लिहून काढतो आहे. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी आणि हॉटेलात राहायची फारशी सवय नसलेल्यांसाठीही.

एक सांगून ठेवतो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. रिक्षावाल्याला "गंगेवर सोडा" म्हणालात की तो रामकुंडाकडेच, म्हणजे पंचवटीतल्या स्नानाच्या घाटाकडेच नेईल.

आधी सकाळ ठरवा

बरेच जण नाशिक वाटेत उरकतात. शिर्डीहून त्र्यंबकला जाताना दीड तास थांबायचं, रामकुंडात पाय ओले करायचे, काळारामाचं दर्शन घ्यायचं, मिसळ खायची आणि गाडीत बसायचं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. या गावाचे खरे तास पहाटे पाच ते आठ. ते बघायला मिळतात फक्त आदल्या रात्री इथे झोपलेल्याला.

म्हणून हॉटेल शोधण्याआधी एवढंच ठरवा: उद्या सकाळी सहा वाजता तुम्हाला कुठे असायचं आहे? नाशिक चहूबाजूंनी पसरलं आहे. रेल्वे स्टेशन नाशिकरोडला. जुनं गाव आणि पंचवटी तिथून ९-१० किलोमीटरवर. पांडवलेणी मुंबईच्या रस्त्याला, आणि त्र्यंबकेश्वर तिसऱ्याच दिशेला २८-३० किलोमीटर. नुसतं "नाशिक" टाकून बुकिंग केलंत तर हॉटेल यातल्या कुठल्याही टोकाला निघू शकतं.

काही वर्षांपूर्वी अकोल्याचे माझे चुलतमामा मामींच्या अस्थी घेऊन आले होते. मुलाने हॉटेल फोनवरूनच घेतलं होतं. हॉटेल स्वच्छ होतं, खोली मोठी होती, भाडंही वाजवी. पण ते होतं शहराबाहेर हायवेला. गुरुजींनी पहाटेची वेळ दिलेली. साडेचारला मामा खाली आले तर रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि अॅपवर एकही गाडी दिसेना. रखवालदाराने ओळखीच्या दोन रिक्षावाल्यांना फोन लावले, ते झोपेत. अस्थी घराच्या आत न्यायच्या नाहीत अशी आमच्याकडची रीत, म्हणून मामा लाल फडक्यात बांधलेला तो कलश मांडीवर घेऊन हॉटेलच्या बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. मी स्कूटर घेऊन पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. गुरुजी थांबले, सगळं यथासांग झालं. पण पहाटेच्या गारठ्यात पायरीवर बसलेले मामा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. तेव्हापासून मी हॉटेलचं नाव नंतर सांगतो, सकाळ आधी विचारतो.

रामकुंडावर स्नान, अस्थिविसर्जन, श्राद्ध किंवा नुसतंच पहाटे घाटावर बसायचं असेल तर पंचवटीत किंवा नदीच्या अलीकडे रविवार कारंजा, मेन रोडच्या आसपास उतरा. चालत दहा-पंधरा मिनिटांत घाट गाठता आला पाहिजे, एवढीच कसोटी. या भागातले बरेच लॉज जुने आहेत. खोल्या लहान, जिने चढे, गल्ल्या अरुंद. सकाळी घंटा ऐकू येणारच. स्वतःची मोठी गाडी असेल तर ती कुठे लावायची हे आधी विचारल्याशिवाय येऊ नका. एवढं सोसलंत तर काळाराम, सीतागुंफा, कपालेश्वर, नारोशंकराचं देऊळ सगळं पायी होतं, दिवसभर रिक्षा लागत नाही.

त्र्यंबकेश्वराचं पहाटेचं दर्शन हवं असेल तर सरळ त्र्यंबकलाच राहा. नाशकात झोपून पहाटे निघू असं सगळे म्हणतात, पण आंघोळी, चहा, गाडी करता करता पोहोचायला आठ वाजतात, तोवर रांग फिरून बाहेर आलेली असते. नारायण नागबळी हा तीन दिवसांचा विधी, तोही तिथेच राहून करायचा. त्यासाठी येणाऱ्यांची राहण्या-जेवणाची व्यवस्था बहुधा गुरुजींकडूनच होते, ते आधी विचारून घ्या. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवासही त्र्यंबकला आहे. पावसाळ्यात त्र्यंबकला पाऊस नाशिकपेक्षा कितीतरी जास्त, कपड्यांचा एक जोड वाढीव घ्या.

पांडवलेणी बघायची असतील तर पाथर्डी फाटा, इंदिरानगर, मुंबई नाका हा पट्टा बरा. द्राक्षमळे, वायनरी, गंगापूर धरणाची हवा यासाठी गंगापूर रोड आणि त्यापुढचे रिसॉर्ट. एमटीडीसीचं ग्रेप पार्क रिसॉर्टही धरणाकाठीच आहे. तिकडे स्वतःचं वाहन लागतं. पहाटे घाटावर यायचा विचार असेल तर तिथे राहू नका.

आणि सकाळची गाडी पकडायची असेल तर शेवटची रात्र नाशिकरोडला काढा. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून मुंबईकडे निघते. बिटको चौक, मुक्तिधामच्या बाजूला राहिलात तर सहापर्यंत निवांत झोपता येतं. काहीच ठरलं नसेल, बसने यायचं-जायचं असेल, तर सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), शालिमार, त्र्यंबक नाका हा मधला भाग धरा.

तारीख ठरवताना पंचांग उघडा

नाशकात हॉटेलचे भाव तिथीवर हलतात. श्रावणातले सोमवार, त्यातही तिसरा, त्र्यंबकला मुंगी शिरणार नाही अशी गर्दी असते. ब्रह्मगिरीच्या फेरीला रात्रीच लोक निघतात. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा. पितृपक्षात रामकुंडाजवळ खोली मिळणं अवघड. रामनवमीनंतरच्या कामदा एकादशीला पंचवटीत रथ निघतात, तेव्हा गाडी आत येत नाही, पण तो रथ बघण्यासाठी मुद्दाम यावं. रंग आम्ही धुळवडीला खेळत नाही, रंगपंचमीला खेळतो. जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी उघडतात, म्हणजे दगडी बांधणीचे मोठे हौद, त्यात रंगाचं पाणी भरतात आणि माणसं धप्पकन उड्या घेतात. त्या दिवशी जुन्या गावात हॉटेल घेतलंत तर रंगल्याशिवाय खोलीपर्यंत पोहोचणार नाही, हे धरूनच या.

सिंहस्थ कुंभमेळा तर तोंडावर आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला. अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला, त्र्यंबकचं तिसरं १२ सप्टेंबरला. या तारखांच्या आगेमागे हॉटेल कितीही जवळ असलं तरी चालावं खूप लागणार. वयस्कर माणसांना घेऊन येणार असाल तर स्नानाच्या मुख्य तिथ्या सोडून आलेलं बरं. कुंडातलं पाणी तेच असतं आणि उभं राहायला जागा मिळते.

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते. जमत असेल तर मंगळवारी या आणि बुधवारी राहा, कारण बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी एक नाव लक्षात ठेवावं: दुतोंड्या मारुती. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच ही उभी मूर्ती आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक विचारतं, "मारुतीच्या कुठवर आलं?" गुडघ्याला, कंबरेला, छातीला, ही आमची पुराची मोजपट्टी. मारुती बुडायला लागला की नदीकाठच्या दुकानांत पाणी शिरतं. म्हणून जुलै ते सप्टेंबर नदीच्या अगदी काठावरच्या लॉजमध्ये तळमजल्याची खोली घेऊ नका, आणि घाटावर रात्रभर गाडी तर मुळीच लावू नका.

पैसे भरण्याआधी फोन करा

बुकिंग कुठूनही करा, पण आधी हॉटेलच्या काउंटरवर फोन लावा. बोलणारा माणूस कसा बोलतो त्यावरूनच निम्मं हॉटेल कळतं. मी जे विचारतो ते असं.

"तुमच्याकडचा दिवस बारा ते बारा, की चोवीस तासांचा?" बऱ्याच हॉटेलांत दुपारी खोली मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला सोडावी लागते. काही लॉज चोवीस तास मोजतात. रात्री नऊला आलात तर दुसऱ्या रात्री नऊपर्यंत खोली तुमची. पहाटेच्या गाडीने येणाऱ्याला या फरकाने अख्ख्या दिवसाचं भाडं वाचतं किंवा बसतं.

"गरम पाणी किती वाजता?" थंडीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो. पुष्कळ ठिकाणी गरम पाणी सहा ते नऊ एवढंच सोडतात. पहाटे साडेचारला आंघोळ करून विधीला जायचं असेल तर खोलीत स्वतंत्र गिझर हवा, तसं स्पष्ट विचारा. जाड पांघरुणं जास्तीची मिळतील का, हेही.

"पहाटे शटर उघडतं का?" हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि अडकतात सगळे. लहान लॉजमध्ये रात्री अकराला शटर पडतं आणि पोऱ्या काउंटरखाली पांघरूण घेऊन झोपतो. आदल्या रात्री सांगून ठेवलं तर तो आनंदाने उठतो.

"शेजारी लॉन्स आहे का?" लॉन्स म्हणजे आमच्याकडची लग्नाची मोकळी मैदानं. शहराच्या कडेला आणि गंगापूर रोडला ती पुष्कळ आहेत. लग्नतिथ असेल तर दहापर्यंत डीजे आणि नंतर पंगती उठेपर्यंत गाड्यांचे हॉर्न. खाली परमिट रूम असेल तरी रात्री उशिरापर्यंत वर्दळ राहते. म्हातारी माणसं, लेकरं सोबत असतील तर अशा ठिकाणी वरच्या मजल्यावरची मागची खोली मागा, आणि लिफ्ट आहे का तेही विचारा.

"सांगितलं ते भाडं टॅक्स धरून की वेगळा?" २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्यावर १८ टक्के. म्हणजे २००० च्या खोलीवर १०० रुपये. ज्या लॉजकडे जीएसटी क्रमांकच नाही त्याला तो मागताही येत नाही.

अस्थी सोबत असतील तर फोनवरच मोकळेपणाने सांगा. रामकुंडाजवळच्या लॉजवाल्यांना याची सवय असते, कुठे ठेवायच्या ते सांगतात. लपवून आत नेण्यात तुमच्याच मनाला रुखरुख लागते.

भक्तनिवास, धर्मशाळा घेणार असाल तर फोन नंबर संस्थानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. शोधल्यावर वर आलेल्या भलत्याच नंबरावर आगाऊ पैसे भरून फसलेले भाविक कमी नाहीत. कुणी व्यक्तीच्या नावाच्या खात्यावर पूर्ण रक्कम आधी मागत असेल तर फोन ठेवून द्या. नवख्यांनी हेही ध्यानात घ्यावं की भक्तनिवासात टीव्ही, रूम सर्व्हिस नसते, रात्री वेळेत परतावं लागतं आणि काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत. पण स्वच्छता आणि शांतता यात ती चांगल्या चांगल्या हॉटेलांना मागे टाकतात. घरच्या बायका-मुलांना घेऊन येणाऱ्यांना मी पहिलं नाव भक्तनिवासाचंच सुचवतो.

पोहोचल्यावर

नाशिकरोडला उतरलात तर स्टेशनबाहेर शेअर रिक्षा आणि सिटीलिंकच्या बसगाड्या मिळतात. सामान थोडं असेल तर बस उत्तम. महापालिकेची ही सेवा २०२१ पासून सुरू आहे. स्पेशल रिक्षा केलीत तर बसण्याआधी भाडं ठरवा. "ते हॉटेल बंद आहे, मी चांगलं दाखवतो" असं कुणी म्हणालं तर हॉटेलला तिथूनच एक फोन लावा. द्वारका चौकात संध्याकाळी वाहनं हमखास तुंबतात; सहा ते आठच्या दरम्यान नाशिकरोडहून पंचवटी गाठायची तर पाऊण-एक तास हाताशी ठेवा.

काउंटरवर रजिस्टर पुढे येईल. नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, मोबाइल, किती माणसं. घाबरण्यासारखं काही नाही, ही नोंद हॉटेलला ठेवावीच लागते. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र मागतात, एकाचं चालत नाही. आधारची प्रत द्यायची तर मास्क्ड आधार द्या, ज्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. ते आधारच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. मतदार ओळखपत्र, वाहन परवानाही चालतो. तुमच्या आधारवर नाशिकचाच पत्ता असेल तर काही हॉटेलं खोली नाकारतात, ते फोनवर विचारून ठेवा. परदेशी पासपोर्ट असलेला भाचा-पुतण्या सोबत असेल तर त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, हॉटेलला त्याची वेगळी नोंद सरकारकडे पाठवावी लागते. लहान लॉज या भानगडीत पडत नाहीत, त्याच्यासाठी मोठं हॉटेल बघा.

ॲडव्हान्सची पावती घ्या. तोंडी "लिहिलंय, लिहिलंय" यावर जाऊ नका.

खोलीत शिरल्यावरची दहा मिनिटं

सामान उघडायच्या आधी खोली बघायची. पोऱ्या दारात उभा असतानाच बघायची. तो गेला की खोली बदलून मिळणं कठीण होतं.

पहिल्यांदा दार आतून लावून बघा. कडी खोबणीत नीट बसते का, की दार उचलून धरावं लागतं? मग खिडकी. जिन्याकडे किंवा गच्चीकडे उघडणारी असेल तर तिला गज आणि खिटी हवी. नंतर न्हाणीघर. गिझरचं बटण दाबा आणि लाल दिवा लागतो का ते बघा. नळ सोडून बादलीत पाणी पडू द्या, तोवर फ्लश ओढा. परत येऊन बादलीत हात घाला. पाणी कोमटही झालं नसेल तर त्याच क्षणी सांगा. चादर ओढून गादी बघा. उशीचा वास घ्या, वास खोटं बोलत नाही. पंखा, दिवा, फोन चार्ज करायचं बटण. भिंतीला ओल असेल तर पावसाळ्यात त्या खोलीत कपडे वाळणार नाहीत.

काही आवडलं नाही तर शांतपणे म्हणा, "दादा, दुसरी खोली दाखवा ना." नाशकात याचा राग मानत नाहीत. आवाज चढवलात की मात्र काम अडतं.

घरून आणायच्या वस्तूंत माझ्या यादीत पहिली दोरी. चार हात सुतळीसुद्धा चालेल. रामकुंडात स्नान केलं की प्रत्येकाचे ओले कपडे, पंचे, साड्या येतात आणि हॉटेलच्या खोलीत त्यांना जागा नसते. लोक ते टीव्हीच्या कपाटावर टाकतात, लाकूड फुगतं आणि मग भांडण. दोरी खिडकीच्या गजांना बांधा. एक प्लॅस्टिकची पिशवी, लहान कुलूप, घाटावर घालायची रबरी चप्पल आणि तीर्थ न्यायला घट्ट झाकणाची बाटली.

बाहेर जाताना किल्ली काउंटरवर देण्याची पद्धत आहे, पण दागिने आणि मोठी रक्कम खोलीत ठेवू नका. स्नानाला जाताना तर एका माणसाने काठावर सामानापाशी बसावं, बाकीच्यांनी पाण्यात उतरावं, मग पाळी बदलावी. रात्री-अपरात्री गरज लागली तर ११२ हा पोलिसांचा नंबर. बिलाची तक्रार हॉटेलात मिटली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन.

संध्याकाळ

संध्याकाळी रामकुंडावर गोदावरीची आरती असते, ती चुकवू नका. आरतीआधी तासभर हातात असेल तर काळारामाला जा. पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे देऊळ, दगड रामशेजच्या खाणीतला. पूर्वेच्या दारात उभं राहिलात तर आठवा, याच देवळात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. दोन्ही गोष्टी माहीत असल्याशिवाय हे देऊळ पूर्ण बघितल्यासारखं होत नाही.

कपालेश्वर रामकुंडाच्या वरच्या अंगाला. महादेवाचं देऊळ असूनही समोर नंदी नाही; मुलांना आधी न सांगता शोधायला लावा.

जेवण साधं करा. हॉटेलचा बोर्ड बघून आत शिराल तर आमच्याकडे "हॉटेल" म्हणजे खाण्याचं ठिकाणही असतं, राहायची सोय हवी तर "लॉजिंग" हा शब्द शोधा. मिसळ रात्री नको, ती सकाळची. दहाच्या आत झोपा.

पहाट

साडेचारचा गजर लावा. शटर उघडायला आदल्या रात्री सांगितलेलं असेलच.

थंडीच्या दिवसांत पाचला घाटावर पोहोचलात तर नदीवर पांढरा धुरकट थर असतो. चहाच्या गाडीचा स्टोव्ह फुरफुरतो. फुलवाली पानांचे द्रोण मांडत असते, एकात झेंडू, वात आणि तुपाचा बोटभर गोळा. पायऱ्या गार आणि बुळबुळीत असतात, म्हणून बसून बसून खाली उतरा. पहिल्या बुडीला श्वास अडकतो, दुसरीला अंग सोडून दिल्यासारखं होतं. बाजूला कुणीतरी बापाचं पिंडदान करत असतं, डोकं नुकतंच भादरलेलं, आणि त्याच्या शेजारी एखादी आजी नातवाच्या कानात पाणी जाऊ नये म्हणून कान दाबून धरते. उजाडायला लागलं की नारोशंकराच्या देवळावरची पारवळं उठतात. हे देऊळ १७४७ चं. दर्शनी भागातली ती मोठी घंटा वसईच्या विजयाची आठवण.

आठला उन्हं घाटावर येतात आणि पहिल्या लक्झरी बसगाड्या लागतात. तोवर तुमचं सगळं झालेलं असतं. मग मिसळ. काळा रस्सा वेगळा मागा, पहिला घोट नुसता घ्या, तिखट झेपतंय असं वाटलं तर वाढवा. वर दही, पापड, आणि शेवटी जिलबी.

दुसऱ्या दिवसाचा वेळ असेल तर पांडवलेणी. २४ लेणी आहेत, चढ पायऱ्यांचा आहे, ऊन तापायच्या आत जा. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचा लेख कोरवला आहे. आईने मुलासाठी दगडावर लिहून ठेवलेलं ते वाचता आलं नाही तरी अक्षरांसमोर दोन मिनिटं उभं राहा.

खोली सोडताना

बिल काउंटरवर उभं राहून वाचा. दिवस किती धरले, ॲडव्हान्स वजा केला का, न मागितलेलं काही जोडलं का. जेवणाच्या बिलावर सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो द्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे, सक्ती करता येत नाही. पहाटे उठून शटर उघडणाऱ्या पोऱ्याच्या हातात मात्र काहीतरी ठेवा, थेट त्याच्याच हातात.

गाडी संध्याकाळची असेल तर सामान काउंटरवर ठेवायला विचारा. बहुतेक जण ठेवून घेतात. पिशव्या बंद करून, त्यावर नाव लिहून द्या. तेवढ्या वेळात भांडीबाजारात तांब्या-पितळेची भांडी बघून होतात, चिवडा घेऊन होतो.

आणि अजून एक रात्र राहावंसं वाटलं तर सकाळी नऊच्या आत काउंटरवर सांगा. दुपारनंतर ती खोली दुसऱ्या कुणाला दिलेली असते.